शिडीवरचा श्वास

मामा, तुम्हाला बसवून नेलं. आपल्या लिंगायतांत तसंच नेतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. आजोबांना मंद्रूपला तसंच नेलेलं मी पाहिलं होतं. तरी तुमच्याकडे पाहताना मी दारातच थबकले. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचे हार, डोळे मिटलेले, हनुवटी किंचित वर. रंगभूषा करून घेताना तुम्ही असेच बसत असाल. आता कुणीतरी येऊन "झालं, उठा" म्हणेल आणि तुम्ही उठून दुसऱ्याच कुणाच्या तरी चालीनं चालू लागाल, असं वाटून गेलं.

गल्लीच्या तोंडाशी हॉटेलवाल्यानं तुमच्यासाठी रेकॉर्ड लावली. दुसरी कुठली लावणार? दिव्यांचं गाणं. कर्ण्यातून ते सुरू झालं तसे खांदा दिलेले लोक न सांगता थांबले. गिरणीची पाळी सुटून घरी निघालेली माणसं सायकलवरून उतरली, टोप्या काढून उभी राहिली. शेवटच्या ओळीआधी आवाज क्षणभर थांबतो ना, तिथं माझ्या शेजारच्या बाईला हुंदका आवरला नाही. "काय आवाज हुता ओ तुमच्या मामाचा!" ती म्हणाली.

मी नुसती मान हलवली. पण तुम्ही त्या सजवलेल्या खुर्चीतून खाली उतराल, हार बाजूला साराल आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल, "बाई, तो आवाज माझा न्हाय," याची मी खरोखर वाट पाहत होते.

तुम्ही उतरला नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही गेलात.

सिनेमात तुम्ही नायक कधीच नव्हता. नायकाचा बाप, नायिकेचा काका, गावचा सावकार, स्टेशनमास्तर, फौजदार, मठातला साधू. भिंतीवरच्या जाहिरातीत तुमचं नाव अगदी खाली असायचं, बैल भिंतीला घासून उभे राहिले की पुसलं जाईल इतकं खाली. पण थिएटरात दिवे गेले आणि तुम्ही दारातून आत आलात, की बायकांच्या बाजूची कुजबुज थांबायची. तुम्ही काही करत नसायचा. घोंगडी झटकायची, पाण्याचा तांब्या घ्यायचा. पण तो तांब्या रिकामा आहे की भरलेला, हे मागच्या बाकावरच्या पोरालाही कळायचं. मी पुस्तकांतून पुष्कळ माणसं वाचली, शाळेत मुलींना शिकवली. एखादा माणूस नुसता पाणी पितो आणि त्याच्या घरात काल काय घडलं ते समजतं, हे मात्र मी तुमच्यापाशीच पाहिलं.

अव्वा मला पहिल्यांदा तुमचा सिनेमा दाखवायला घेऊन गेली तेव्हाची गंमत तुम्हीच सगळ्यांना रंगवून सांगायचा. पडद्यावर तुम्ही खाटेवर शेवटचे श्वास मोजत होता. माझी अव्वा, म्हणजे आई, तुमची धाकटी बहीण, बाकावरून उठली आणि "अय्यो अण्णा!" म्हणून तिनं टाहो फोडला. मागच्या बायका ओरडल्या, "बसा की ओ बाई, मरू द्या की त्यांना निवांत!" तुम्ही तेव्हा आमच्याच घरी माजघरात शेंगाचटणी आणि भाकरी खात बसला होता. अव्वा घरी आली ती तडक तुमच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पुन्यांदा असलं मरायचं काम घेतलास तर ह्या घरात पाय ठेवायचा न्हाय."

"अगं, मेलो म्हणून तर लोकांच्या ध्यानात राहिलो. जगलेल्या बापाकडं कोण बघतंय?"

"मी बघतीया न्हवं!" ती म्हणाली, आणि तुमच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तुमचे गाण्याचे दिवस त्याही आधीचे. मी ते पाहिले नाहीत, फक्त ऐकले, आणि तेही तुमच्या तोंडून. बोलपट नुकते आले होते तेव्हा गाणं जिथल्या तिथं म्हणायचं, कॅमेऱ्यासमोर. पेटीवाला बैलगाडीत कडब्याखाली लपलेला, तबलजी झाडाआड. एकदा गाडी चालती असताना गाणं होतं. तबलजीनं तबला-डग्गा कमरेला बांधला आणि तो गाडीमागून वाजवत पळत सुटला. पुढं पाट होता. "पाटात पडला बिचारा," तुम्ही सांगायचा, "पन ठेका सोडला न्हाय. पाण्यातनं ठेका येत हुता." अशा किती सिनेमांत तुम्ही गायलात. नाटक कंपनीत कमावलेला, कनातीबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाणारा आवाज. त्या फिती आता कुठंच नाहीत. काही जळाल्या, काही डब्यातच चिकटून गेल्या, काहींचं काय झालं हे सांगणारंही कुणी उरलं नाही. ज्यात तुमचा आवाज होता ती सगळी गाणी नाहीशी झाली, आणि ज्यात नव्हता तेवढं एक गाणं राहिलं.

त्या सिनेमातला तुमचा म्हातारा लहानशा गावात रस्त्यावरचे दिवे लावायचं काम करतो. त्याची लेक घर सोडून गेली आहे. संध्याकाळी खांद्यावर शिडी घेऊन तो एकेका खांबापाशी जातो, चढतो, काच पुसतो, वात पेटवतो आणि गातो. संगीतकारानं तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, की तुमचा आवाज शेवटच्या रांगेसाठी आहे आणि हा म्हातारा स्वतःशी बोलतो आहे.

"वाईट वाटलं का, मामा?" मी विचारलं होतं.

"वाटलं की. लई वाटलं. पन खरं हुतं त्याचं."

मग त्यांनी कोरसमधला एक माणूस पुढं आणला. गणपत लोहोकरे. तुम्ही त्याला गणू म्हणायचा. बारीक, उसना वाटावा असा कोट, बोलताना खाली बघणारा. तालमीला तो माइकसमोर हात बांधून उभा राहिला आणि गायला. सगळे वा वा म्हणाले. तुम्ही म्हणालात, "गातोय झकास, पन हा सपाट जमिनीवर हाय. माझा मानूस शिडीवर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्टुडिओच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाला शिडी लावली. पुढचं मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलंय, की मी तिथं उभी होते असं मला वाटतं.

"चढ," तुम्ही म्हणालात.

"मी?"

"मग कोन, मी? गात चढ."

"अप्पा, मला उंचावर गरगरतं."

"गरगरू दे की. सुरात गरगर."

तो चढला. तुम्ही खालून शिडी दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या पोटाकडे बघत राहिलात. कुठं पोट आत जातं, कुठं खांदा उचलतो, कोणत्या शब्दाला पाय टाकला की शब्द आखूड होतो. मग तो खाली यायचा आणि तुम्ही चढायचा, तो शिडी धरायचा. सुतारकामाची माणसं हातातलं काम टाकून बघायला आली. "लगीन लावा रे ह्या दोघांचं," कुणीतरी ओरडलं. तुम्ही लक्ष दिलं नाहीत. ऊन चढलं तरी दोघांचं चालूच. शेवटच्या ओळीपाशी तो वरच्या पायरीवर पोचला, त्यानं खाली बघितलं आणि शिडीला मिठी मारली. आवाज थांबला. तुम्ही खालून म्हणालात, "धरलंय मी." मग त्यानं ती ओळ म्हटली.

रेकॉर्डिंगला शिडी नव्हती, पण ते थांबणं त्यानं आवाजात तसंच ठेवलं. ज्याला आज सगळं सोलापूर कसबी गायकाची जागा म्हणतं, लग्नात पोरं ज्याची नक्कल करतात, तो एका भित्र्या माणसाचा खालून आलेल्या दोन शब्दांसाठी थांबलेला श्वास आहे. हे मी कुणाला सांगितलं, तर कोण खरं मानेल?

तुमचं तरी कुणी मानलं? रेकॉर्डवर गणूचं नाव छापलंच नव्हतं. तिथं सिनेमातल्या म्हाताऱ्याचं नाव, आणि म्हातारा म्हणजे तुम्ही. रेडिओवर ती बाई गोड आवाजात तुमचं नाव घ्यायची, आणि तुम्ही रेडिओकडे बघून म्हणायचा, "न्हाय गं माय." दाढी करता करता न्हावी म्हणायचा, "मामा, ती एक वळ म्हना की." तुम्ही साबण लागलेल्या तोंडानं सांगायचा, "ते मी न्हाय म्हनलेलं. गनपत लोहोकरे म्हनून एक मानूस हुता." न्हावी दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळून म्हणायचा, "बघा! एवढा मोठा मानूस, पन जरा तरी हाय का गर्व?" लग्नात माइक पुढं केला की तुम्ही हात जोडायचा. मांडवातले लोक टाळ्या वाजवायचे. तुम्ही जितकं नाकारायचा तितके लोक तुम्हाला मोठे मानायचे. गणूचं नाव तुम्ही या शहरात इतक्या ठिकाणी घेतलंत, पण एकाही कानात ते राहिलं नाही.

मला तुमचा राग यायचा. आज लिहायला बसले आहे म्हणून तो राग लपवत नाही. मला वाटायचं, हा माणूस आपल्या हातानं आपलंच पुसतो आहे. गाणी गेली, सिनेमे गेले, एक गाणं लोकांनी तुमच्या नावावर जपलंय, तेही तुम्ही परत करत फिरता.

गेल्या उन्हाळ्यात तो सिनेमा परत लागला, सकाळच्या खेळाला. तुम्ही यायला तयार नव्हता. "मला बघून काय करू? मी रोज बघतोय की आरशात." तरी मी तुम्हाला नेलं. थिएटरात अर्धे बाक रिकामे होते आणि पंखे नुसते आवाज करत होते. फीत इतकी झिजलेली, की पडद्यावर सारखा पाऊस पडत असल्यासारखं दिसत होतं. त्या रेघांमधून तुम्ही शिडी घेऊन आलात.

ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी मी ते पाहिलं. तुम्ही नुसते ओठ हलवत नव्हता. तुमच्या मानेची शीर ताठ होत होती. कंठमणी वर जात होता, खाली येत होता. पाय पायरीवर पडला की बरगडी फुगत होती, आणि गणूचा श्वास जिथं जातो नेमका तिथंच तुमचा जात होता. शेवटच्या ओळीआधी तुम्ही काडी ओढलीत, ती हातातच थांबली, तुम्ही खाली पाहिलंत. खाली कुणी नव्हतं. ज्या लेकीनं शिडी धरायची ती निघून गेलेली. त्या नजरेत हे सगळं होतं, आणि गणूची भीतीही होती. त्या माणसाची भीती तुम्ही उचलून एका बापाच्या एकटेपणाला लावली होती.  माझ्या शेजारी धोतराच्या सोग्यानं घाम पुसत बसलेला म्हातारा आणि वर उभा असलेला तो एकच आहेत, हे मला खरं वाटेना.

"मामा," मी हळूच म्हणाले, "तुम्ही खरंच गात होता तिथं?"

"मग? मोठ्यांदा. गळा फुटस्तोवर. त्याची रेकॉर्ड कर्ण्यावर लावली हुती, तिच्यावर मी. गायल्याबिगर गळा हलतोय व्हय?"

म्हणजे त्या चित्रात तुमचं गाणं आहे. दिसतं, ऐकू येत नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. रसवंतीच्या सावलीला बसलो आणि तिथंच आपलं भांडण झालं. मी म्हणाले, लोकांना तो आवाज तुमचा वाटतो यात लोकांची चूक नाही. तुम्ही कामच असं केलंत. त्यांना तसं वाटतं हेच तुमचं सगळ्यात मोठं यश आहे. ते नाकारू नका.

तुम्ही रसाचा पेला खाली ठेवलात.

"यशच की. मी कुठं न्हाय म्हनतोय? पन त्या यशानं काय केलं बघ. मी जरा वाईट काम केलो असतो, नुसती ओठं हलवलो असतो, तर लोकांनी विचारलं असतं, हे गातंय कोन? मी इतकं चांगलं केलो की कुनी विचारलंच न्हाय. माझ्या कामानं त्याचं नाव खाल्लं, मास्तरीन."

"तुम्ही मुद्दाम केलं नाही."

"मुद्दामच केलो. त्याच्यासाठीच तर शिडी धरून उभा हुतो दिवसभर."

"मग वाईट काम करायला हवं होतं का?"

तुम्ही पेला उचलून उरलेला रस संपवलात. चरकाची घुंगरं वाजत होती. मग हसून म्हणालात, "ते बी जमलं नसतं." आणि थोड्या वेळानं, "गनू लवकर गेला. त्याला लोकांनी हाक मारायला पायजे हुती. माझं तर कुनी ऐकत न्हाय. तू मास्तरीन हायस. तुझं ऐकतील."

मी म्हणाले, माझं शाळेतल्या मुलीही ऐकत नाहीत. तुम्ही मोठ्यांदा हसलात. विषय तिथंच राहिला.   एखादा माणूस आपलं काम इतकं सुंदर करतो की दुसरा माणूस त्यात दिसेनासा होतो, तर दोष कुणाला द्यायचा? मी पुष्कळ वाचलंय, मामा, पण हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही. तो तुमच्या गळ्यावर, पडद्यावरच्या पावसात भेटला.

काल वाचनालयाच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. तुमचा फोटो, हार, उदबत्ती. अध्यक्ष वकील होते. ते म्हणाले, तुमचा आवाज हा सोलापूरच्या मातीचा आवाज होता. मग रेकॉर्ड लावली. लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले, माझं कारण वेगळं होतं. घरच्यांच्या वतीनं दोन शब्द म्हणून मला बोलावलं.

मला भाषण येत नाही. वर्गात खडू हातात असतो, तिथं हातात काहीच नव्हतं. मी म्हणाले, "हे गाणं माझ्या मामांनी गायलेलं नाही. ते गणपत लोहोकरे यांनी गायलं. मामा ते गायले, पण ते आपल्याला फक्त दिसतं. मामांची इच्छा होती, की गणपत लोहोकरे हे नाव आपण लक्षात ठेवावं." एवढंच. शिडीचं सांगायचं ठरवलं होतं, ते तसंच राहिलं आणि मी जागेवर येऊन बसले.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान हलवली. मला वाटलं, पोचलं. मग अध्यक्ष उठले. भरल्या आवाजात म्हणाले, "बाईंनी मामांचीच नम्रता आज आपल्यापुढं ठेवली." आणि टाळ्या वाजल्या, शोकसभेत. माझ्या मागून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "अगदी मामावर गेलीया."

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. मी तुमच्या फोटोकडे पाहत राहिले. इतकी वर्षं तुम्ही कशाशी झगडत होता ते मला त्या टाळ्यांत कळलं. ही माणसं बहिरी नव्हती. त्यांनी तुमचा कंठ हललेला डोळ्यांनी पाहिला होता. माझ्या दोन वाक्यांनी तो पुसला जाणार नव्हता. तुम्हाला स्वतःलाही तो पुसता आला नाही. आपलंच काम आपल्याहून इतकं मोठं होऊन बसतं, हे किती भयंकर आणि किती अद्भुत.

सभा संपली. दारात चपला शोधत होते तेव्हा एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. विणकरांच्या वस्तीतली असावी. बोलण्याला तेलुगूची ढब होती, पदराला सुताचे बारीक धागे चिकटलेले होते. तिनं माझ्या कोपराला हात लावला.

"बाई, त्या मानसाचं नाव काय म्हनलाव?"

"कोणत्या?"

"गानं म्हनलेल्या."

"गणपत लोहोकरे."

"लोहकर."

"लोहोकरे. गणपत. मामा त्यांना गणू म्हणायचे."

"गनपत लोहोकरे," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा स्वतःशीच पुटपुटली. "आमच्या घरात मागावर बसलं की रोज हेच गानं लागतंय. इतकी वर्सं झाली. मानूस कोन ते म्हाईतच नव्हतं." मग तिनं विचारलं, "त्याला लेकरंबाळं हायती का? हायती तर कुटं हायती?"

मला माहीत नव्हतं. आणि मामा, मी सवयीनं मागं वळले, तुम्हाला विचारायला.